देवाचा संकल्प आणि पुत्राचे आत्मसमर्पण : दुःखसहनाचा वृत्तांत अभ्यासण्याची एक पद्धत

येशूचे मरण देवाने आधीच ठरवलेले होते, असे ख्रिस्ती विश्वास सांगतो. आणि येशूने आपला प्राण स्वतःहून, कोणाच्याही सक्तीवाचून अर्पण केला, असेही तोच विश्वास तितक्याच ठामपणे सांगतो. यांपैकी एका विधानावर जोर दिला की दुसरे फिके पडते, असा अनुभव पवित्र शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना येतो. सारे ठरलेलेच होते असे धरले, तर अटकेच्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना केवळ देखावा वाटू लागते. सारे येशूच्या निवडीवर अवलंबून होते असे धरले, तर शास्त्रलेख पूर्ण होण्याविषयी शुभवर्तमाने जे वारंवार सांगतात त्याला अर्थ उरत नाही. पुढील पद्धत एकट्याने वाचणाऱ्यासाठी आहे, तशीच अभ्यासगट चालवणाऱ्यासाठीही आहे. संकल्प आणि संमती या एकमेकींना मागे रेटणाऱ्या दोन शक्ती आहेत, हे गृहीतक बाजूला ठेवून, पुत्राची, म्हणजे येशूची, संमती पित्याच्या, म्हणजे देवाच्या, संकल्पातच कशी सामावलेली आहे हे एकेका उताऱ्यात तपासायचे, एवढेच तिचे सूत्र आहे.

सुरुवात कोठून करावी

बहुतेक अभ्यासगट रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायापासून किंवा थेट कॅल्विन आणि आर्मिनियस या प्रोटेस्टंट धर्मपंडितांच्या अनुयायांमधील वादापासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. त्या वादात निवड, कृपा आणि मानवी इच्छाशक्ती हे प्रश्न सामान्य माणसाच्या संदर्भात येतात; वधस्तंभाचा प्रश्न मात्र एका विशिष्ट व्यक्तीचा आणि एका विशिष्ट रात्रीचा आहे. आधी ती व्यक्ती आणि ती रात्र नीट पाहिली, तर पुढचे सिद्धान्त समजणे सोपे जाते. आधी सिद्धान्त उचलला, तर त्याला पोषक तेवढीच वचने डोळ्यांत भरतात.

म्हणून पहिल्या बैठकीत योहान १०:१७-१८ ही दोनच वचने घ्यावीत आणि ती प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून काढावीत. त्यांत येशू सांगतो की, आपला प्राण कोणी आपल्यापासून हिरावून घेत नाही, आपण होऊन आपण तो देतो. तो देण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि परत घेण्याचाही अधिकार आहे. आणि लगेच पुढे म्हणतो की, ही आज्ञा आपल्याला पित्यापासून मिळाली आहे. अधिकार आणि आज्ञा येथे एका दमात येतात. आज्ञा आली की स्वातंत्र्य संपते, अशी आपली सवयीची समजूत असते, आणि येशूच्या बोलण्यात त्या समजुतीचा मागमूसही नाही. वाचकाने येथे थांबावे आणि आपण ‘स्वातंत्र्य’ म्हणतो तेव्हा आपल्याला नेमके काय अभिप्रेत असते, हे दोन-तीन ओळींत लिहून ठेवावे. पुढच्या प्रत्येक उताऱ्याला ही नोंद कसोटी म्हणून उपयोगी पडते, आणि बहुधा ती मध्येच दुरुस्त करावी लागते.

त्यानंतर मत्तय २६-२७, मार्क १४-१५, लूक २२-२३ आणि योहान १८-१९ हे अध्याय सलग वाचावेत. वाचताना समासात दोनच प्रश्नांची उत्तरे टिपावीत : येथे निर्णय कोण घेत आहे, आणि येथे कोणाला नकार देणे शक्य होते. दुसरा प्रश्न टाळण्याचा मोह होतो, कारण शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. परंतु खरे काम तोच करतो.

गेथशेमाने : वेळ येथे द्यावा

संपूर्ण अभ्यासाला जितका वेळ असेल त्यातला मोठा भाग या बागेतील प्रसंगाला द्यावा. प्रथम मार्क १४:३६ घ्यावे. प्रार्थना ‘अब्बा’ (बाप) या हाकेने सुरू होते, आणि हाकेपाठोपाठ लगेच येते ती पित्याला सर्व काही शक्य असल्याची कबुली. त्यानंतर प्याला, म्हणजे पुढ्यात आलेले दुःख आणि मरण, दूर करण्याची विनंती, आणि मग आपल्या इच्छेप्रमाणे न होता पित्याच्या इच्छेप्रमाणे व्हावे हे समर्पण. क्रमाकडे लक्ष द्यावे. देवाची सार्वभौम सत्ता येथे विनंतीच्या आधी मान्य केली गेली आहे, आणि त्या मान्यतेमुळेच विनंतीला अर्थ आला आहे. जे टळूच शकत नाही अशा आंधळ्या नियतीपुढे कोणी विनवणी करत नाही. विनवणी करायची ती ज्याच्या हाती सारे आहे त्याच्यापुढे. देवाचा संकल्प आणि प्राक्तन यांच्यात काय अंतर आहे, हे गटाला समजावून सांगायला याहून चांगले वचन मला तरी सापडलेले नाही.

मग मत्तय २६:३९ आणि २६:४२ ही वचने एकाखाली एक लिहावीत. पहिल्या प्रार्थनेत येशू म्हणतो की शक्य असेल तर हा प्याला टळून जावो. दुसऱ्या प्रार्थनेत वाक्याची घडण बदललेली आहे : मी प्याल्याशिवाय हा टळून जाणे शक्य नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. विनंती आता टळण्याची राहिलेली नाही. तिसऱ्यांदा तो पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, असे मत्तय नोंदवतो. या तीन फेऱ्यांमध्ये इच्छा मोडली जात नाही, ती वळते. आणि वळायला वेळ लागतो. इब्री लोकांस पत्र ५:७-८ मध्ये मोठा आक्रोश, अश्रू आणि दुःखसहनातून आज्ञाधारकपणा शिकणे यांचा जो उल्लेख येतो तो याच ठिकाणी वाचावा, म्हणजे येशूची तयारी ही भावनाशून्य होती हा गैरसमज राहत नाही.

प्रार्थनेनंतर काय होते तेही पाहावे. उठा, आपण जाऊ, असे म्हणून तो येणाऱ्या जमावाच्या दिशेने निघतो. शिष्य तलवार उपसतो तेव्हा तो सांगतो की, आपण पित्याजवळ मागितले तर तो देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक आताच पाठवील; पण मग शास्त्रलेख कसे पूर्ण होतील (मत्तय २६:५३-५४). ही दोन वचने कधीही वेगवेगळी वाचू नयेत. पहिल्यात सुटकेचा मार्ग उघडा असल्याचे स्पष्ट होते, दुसऱ्यात तो न वापरण्याचे कारण दिले जाते. आणि मार्ग उघडा नसता तर कारण देण्याची गरजच पडली नसती. योहानाच्या शुभवर्तमानात बागेतील प्रार्थना नाही, पण तेथे येशू स्वतः पुढे होऊन ‘कोणाला शोधता’ असे विचारतो, पकडायला आलेले मागे सरून जमिनीवर पडतात, आणि शिष्यांना जाऊ द्यावे ही अट तोच घालतो (योहान १८:४-८). अटक झालेला माणूस अटकेच्या अटी ठरवतो आहे, हे समासात जरूर टिपावे.

येथे गटातील कोणीतरी हमखास विचारतो की, येशू देव आहे तर त्याने कोणाची इच्छा बाजूला ठेवून कोणाची मानली. हा प्रश्न झटकून टाकू नये. सातव्या शतकात याच प्रश्नावरून मंडळी आणि बायझंटाईन सम्राट यांच्यात मोठा संघर्ष झाला. ख्रिस्ताला एकच इच्छा होती असे मत तेव्हा राजदरबाराला सोयीचे वाटत होते, कारण त्याने दुरावलेले गट जवळ येतील अशी अपेक्षा होती. मॅक्सिमस या मठवासी विचारवंताने त्याला विरोध केला आणि आपल्या प्रतिपादनात गेथशेमानेतील प्रार्थनेला मध्यवर्ती स्थान दिले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : ख्रिस्ताला खरीखुरी मानवी इच्छा नसेल, तर तेथे पित्याला ‘होय’ म्हणणारा माणूस कोणीच नव्हता, आणि मग मानवाच्या अवज्ञेची भरपाई मानवाच्या आज्ञापालनाने झाली असे म्हणता येणार नाही. या भूमिकेपायी त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला आणि ६६२ मध्ये तो हद्दपारीत मरण पावला. पुढे ६८०-६८१ मध्ये भरलेल्या कॉन्स्टंटिनोपलच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या ठायी दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा आहेत आणि मानवी इच्छा दैवी इच्छेला विरोध न करता तिच्या अधीन राहते, असा निर्णय दिला. तेव्हा गटातील प्रश्नाला थोडक्यात उत्तर देता येते : देवाने देवाला विनवले असे नाटक येथे घडलेले नाही, देवपुत्राने धारण केलेल्या खऱ्या मानवी इच्छेने, मरणाचे भय खरोखर अनुभवून, पित्याच्या इच्छेला संमती दिली.

स्वाधीन कोणी केले

आता एक छोटा पण फार फलदायी स्वाध्याय. येशूला कोणी कोणाच्या स्वाधीन केले याची साखळी कागदावर मांडावी. येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत त्याला मुख्य याजकांच्या स्वाधीन करतो, याजक आणि वडील रोमी सुभेदार पिलाताच्या, आणि पिलात शिपायांच्या. येथवर सारे माणसांचे काम आहे : लोभ, मत्सर आणि भित्रेपणा. त्यानंतर रोमकरांस पत्र ८:३२ उघडावे. तेथे देवाने आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपणा सर्वांकरिता त्याला दिले, असे पौल म्हणतो. मग गलतीकरांस पत्र २:२० उघडावे. तेथे पुत्राने स्वतःच स्वतःला दिले आहे. एकाच घटनेचे हे तीन कर्ते आहेत आणि पवित्र शास्त्र त्यांपैकी एकालाही खोडत नाही. आरंभीच्या मंडळीतील बिशप योहान क्रिसोस्तोमच्या नावाने चालत आलेल्या पूर्वेकडील उपासनाविधीत त्या रात्रीचे वर्णन करताना, ज्या रात्री तो धरून दिला गेला, किंबहुना ज्या रात्री त्याने जगाच्या जीवनासाठी स्वतःला दिले, अशी दुरुस्ती वाक्याच्या मध्येच केलेली आहे. पहिला शब्दप्रयोग चुकीचा नाही म्हणून तो ठेवला, आणि अपुरा आहे म्हणून त्यापुढे ‘किंबहुना’ आले.

देवाचा संकल्प असला म्हणजे माणसाचा दोष नाहीसा होतो का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी चार ठिकाणे पुरेशी आहेत. लूक २२:२२ मध्ये मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जातो, आणि तरीही त्याला धरून देणाऱ्याची केवढी दुर्दशा होणार, हे एकाच वाक्यात येते. योहान १९:११ मध्ये पिलाताला वरून अधिकार मिळाल्याचे येशू सांगतो, पण त्याने पिलात निर्दोष ठरत नाही. उलट कोणाचे पाप अधिक याची तुलना त्याच वचनात होते, आणि दोषच नसता तर तुलनेचा प्रश्नच आला नसता. प्रेषितांची कृत्ये २:२३ मध्ये पेत्र देवाचा ठाम संकल्प आणि मारणाऱ्यांचे कृत्य शेजारी शेजारी ठेवतो. प्रेषितांची कृत्ये ४:२७-२८ मधील प्रार्थनेत हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएल लोक या सर्वांची नावे घेऊन, त्यांनी देवाने आधीच योजलेले तेच केले, असे म्हटले आहे. या यादीकडे अभ्यासगटाचे लक्ष मुद्दाम वेधावे. येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहूदी समाजावर टाकण्याचा दीर्घ आणि लज्जास्पद इतिहास आहे. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तो दोषारोप स्पष्टपणे नाकारला, आणि मूळ उताऱ्यातील नावे वाचली तरी तो टिकत नाही.

संकल्प आणि जबाबदारी यांचा मेळ नेमका कसा बसतो, यावर परंपरांचे एकमत नाही. कॅल्विनच्या परंपरेतील वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराने (१६४६) देव सर्व घटना ठरवतो, तरी तो पापाचा कर्ता नाही आणि प्राण्यांच्या इच्छेवर जबरदस्तीही होत नाही, असे म्हटले. कॅथलिक मंडळीच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार देवापुढे काळाचे सर्व क्षण एकदमच उपस्थित असतात आणि प्रत्येक माणसाचा स्वतंत्र प्रतिसाद धरूनच तो आपली योजना आखतो. आर्मिनियसच्या परंपरेत देवाच्या पूर्वज्ञानावर, म्हणजे माणूस काय निवडील हे त्याला आधीच ठाऊक असण्यावर, अधिक भर आहे. अभ्यासगट चालवणाऱ्याने आपली परंपरा लपवू नये, पण तिचा निवाडा या अभ्यासाच्या बैठकांमध्ये लावण्याचा प्रयत्नही करू नये. त्यात दोन बैठका सहज निघून जातात आणि मूळ उतारे मागे पडतात.

बली आणि संमती

‘बलिदान’ म्हटले की ज्याचा बळी जातो त्याला कोणी विचारत नाही, असेच चित्र डोळ्यांपुढे येते, आणि जुन्या करारातील विधींच्या बाबतीत ते खरेही आहे. वल्हांडण या सणाचा कोकरा निर्दोष असावा, एक वर्षाचा असावा, दहाव्या दिवशी निवडून चौदाव्या दिवसापर्यंत राखावा, असे निर्गम १२ सांगते. कोकऱ्याच्या इच्छेचा प्रश्नच उद्भवत नाही. इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय नेमके यावरच बोट ठेवतो. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापे दूर होणे शक्य नाही असे सांगून लेखक ४० व्या स्तोत्रातील शब्द ख्रिस्ताच्या तोंडी ठेवतो : तुला यज्ञ आणि अर्पण नको होते, पण तू माझ्यासाठी शरीर सिद्ध केलेस, पाहा, तुझ्या इच्छेप्रमाणे करायला मी आलो आहे. येथे अर्पण करणारा आणि अर्पिला जाणारा एकच आहे, आणि इच्छेने केलेले आज्ञापालन हेच त्या अर्पणाचे सार ठरते. म्हणजे स्वेच्छा ही या बलिदानाची शोभा वाढवणारी गोष्ट राहत नाही. ती वगळली तर लेखकाचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

यशया ५३ वाचताना सातवे, दहावे आणि बारावे वचन एकत्र ठेवावे : वधाला नेलेल्या कोकऱ्यासारखे मौन, परमेश्वराची त्याला ठेचण्याची मर्जी, आणि त्याने स्वतः आपला प्राण मरणाला वाहून देणे. केवळ दहावे वचन सुटे काढून दिलेली प्रवचने ऐकणाऱ्याच्या मनात एक क्रूर पिता उभा करतात. उत्पत्ती २२ घेतल्यास एक पथ्य पाळावे. इसहाक लाकडे वाहतो आणि कोकरा कोठे आहे असे विचारतो, इतकेच तेथे आहे. त्याने संमती दिली असे मूळ कथेत नाही, ते यहूदी परंपरेतील पुढच्या काळातील कथनांत येते. त्या मौनाला मौनच राहू द्यावे.

पिता रागावलेला आणि पुत्र मध्ये पडून मार खाणारा, हे चित्र फार सहज रुजते आणि त्याचा प्रतिवाद वेळीच करावा लागतो. त्र्यैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याच्या, शिकवणीनुसार पिता आणि पुत्र यांची दैवी इच्छा एकच आहे. तेव्हा पुत्राला वाचवायचे होते आणि पित्याला शिक्षा करायची होती, अशी फाळणी ख्रिस्ती विश्वासात बसत नाही. २ करिंथ ५:१९ मध्ये देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता असे म्हटले आहे, ते येथे वाचून दाखवावे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडितानेही हा आक्षेप समोर ठेवला होता की, निरपराध्याला अपराध्यासाठी मरायला लावणे हा कुठला न्याय. आणि त्याच्या उत्तराचा आधार हाच होता की पित्याने पुत्रावर मरणाची सक्ती केली नाही, पुत्राने ते स्वेच्छेने पत्करले. अन्सेल्मचे संपूर्ण प्रतिपादन मान्य नसलेल्यांनाही हा मुद्दा सोडता येत नाही.

वधस्तंभावरील शेवटचे उद्गार एका बैठकीत तिन्ही ठिकाणांहून वाचावेत, पण एकमेकांत मिसळू नयेत. मार्क १५:३४ मध्ये २२ व्या स्तोत्रातील त्यागाचा आक्रोश आहे, लूक २३:४६ मध्ये ३१ व्या स्तोत्रातील विश्वासाने आत्मा सोपवणे आहे, आणि योहान १९:३० मध्ये ‘पूर्ण झाले आहे’ असे म्हणून तो आत्मा सोडतो. स्वेच्छेने पत्करलेले दुःख हलके असते असे कोणाला वाटत असेल, तर त्याला मार्कातील वचन पुन्हा वाचायला सांगावे.

स्वतःला लागू करताना

रोमकरांस पत्र १२:१ विश्वासणाऱ्यांना आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगते, त्यामुळे हा विषय केवळ ऐकून सोडून देण्याचा नाही. परंतु लागू करताना आधी वापरलेला दुसरा प्रश्न पुन्हा विचारावा : या माणसाला नकार देता येत होता का? ज्याला नकार देताच येत नाही त्याच्या सोसण्याला बलिदान म्हणणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय. घरात मारहाण सोसणाऱ्या व्यक्तीला ‘हा तुझा प्याला आहे’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला, नातेवाइकाला किंवा गटप्रमुखाला नाही; तिला सुरक्षित जागी पोहोचवणे हे पहिले काम. येशूनेही प्रत्येक धोक्यापुढे मान तुकवली नव्हती. लोकांनी दगड उचलले तेव्हा तो मंदिरातून निघून गेला (योहान ८:५९), धरायला आले तेव्हा त्यांच्या हातून निसटला (योहान १०:३९), आणि छळ झाल्यास दुसऱ्या गावी पळून जाण्यास त्याने शिष्यांना सांगितले (मत्तय १०:२३).

आरंभीच्या मंडळीनेही हा विवेक जपला होता, आणि त्याचा उत्तम नमुना दुसऱ्या शतकातील स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात मिळतो. शेवटच्या बैठकीसाठी तो घ्यावा. त्यात क्विंटस नावाचा फ्रुगियाचा एक माणूस आहे. तो आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे व्हायला लावले, आणि हिंस्र पशू पाहताच त्याचा धीर खचून त्याने शपथ घेतली आणि यज्ञ केला, म्हणजे आपला विश्वास नाकारला. जे स्वतःहून हौतात्म्य ओढवून घेतात त्यांची आम्ही प्रशंसा करत नाही, कारण शुभवर्तमान तसे शिकवत नाही, असे वृत्तांत स्पष्ट म्हणतो. पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून शहर सोडून आधी एका शेतघरात आणि तेथून दुसरीकडे जातो. शोधणारे तेथेही पोहोचतात तेव्हा आणखी पळणे त्याला शक्य असते, पण देवाची इच्छा होवो असे म्हणून तो थांबतो, माडीवरून खाली येतो, पकडायला आलेल्यांना खायला-प्यायला द्यायला सांगतो आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतो. अभ्यासगटाने हा प्रसंग वाचून पॉलिकार्प आधी का गेला आणि नंतर का थांबला, या दोन्हींची कारणे वृत्तांतातूनच शोधावीत, आणि पहिल्या बैठकीत स्वातंत्र्याविषयी लिहिलेली आपली नोंद समोर ठेवून तीत काय बदलावे लागते ते प्रत्येकाने स्वतः ठरवावे.